पायाळूची साक्ष

पेन्शनच्या अपिलाचं बोर्ड रत्नागिरीत येऊन बसलं त्या दिवशी सकाळी मांडवीला लवू खारव्याच्या ओटीवर रहाट्यांचं अख्खं घर एकदम बोलत होतं आणि ऐकायला कोणीच मोकळं नव्हतं. वास्तविक काम एकच होतं. दहा वाजता टेकडीवरच्या सरकारी बंगल्यात हजर व्हायचं आणि पलटणीतले नाईक भिकाजी रहाटे यांची पाठ कुठे मोडली, लढाईत बसऱ्याला की घरी, हे तीन माणसांपुढे ठरवून घ्यायचं. पण सरळ काम सरळ करतील तर ते रहाटे कसले!

भिकाजी स्वतः खांबाला टेकून ताठ उभा होता. नऊ वर्षं झाली, तो एक उभा तरी असे नाहीतर आडवा तरी. बसणं त्याच्या नशिबातून गेलं होतं. काल हातखंब्याहून बैलगाडीत पेंढ्यावर निजवून त्याला आणला, तर दर खड्ड्याला त्याने पलटणीतली एकेक शिवी हासडली. मथुरेने पदर कानांवर ओढून घेतला. लग्नाला पंधरा वर्षं होऊनसुद्धा नवऱ्याकडे एवढा साठा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"गप्प बसा बघू सगळी!" आगाशे वकील ओरडले तेव्हा कुठे ओटी थंडावली. त्यांनी चष्मा चढवला आणि जुना कागद उलगडला. "हा एकोणीस सालचा निकाल. नीट ऐका. 'कंबरेस साधी उसण. रजेवर घरी असता नातेवाईक स्त्रीने लाथ मारल्याने कणा दुखावला. नोकरीशी संबंध नाही.' आज हे खोडून निघालं पाहिजे. नाही निघालं तर यापुढे अपील नाही, काही नाही. हे शेवटचं."

'नातेवाईक स्त्री' म्हटल्याबरोबर सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. दाराशी भिकाजीच्या धाकट्या भावाची, गंगारामची बायको तुळसा उभी होती. तिने मान खाली घातली नाही. नऊ वर्षं घालून झाली होती, आता मानही दुखत होती.

तुळसा पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा वाडीतली बापये माणसंसुद्धा नांगर उचलताना कंबर धरली की तिच्या अंगणात पाठ करून उभी राहत. लढाईवरून भिकाजी रजेवर आला तो कंबर धरूनच आला. तुळसेने त्यालाही पाय लावला. बरं काही वाटलं नाही, दुखणं वाढतच गेलं. मग पलटणीत परत गेल्यावर डॉक्टरसाहेबाने विचारलं, घरी काय औषधपाणी केलंस? भिकाजीने छाती काढून पलटणी हिंदुस्थानीत ठणकावलं, "भावजय का लात खाया, साब!" मुन्शी उत्तरेकडचा. त्याने जे ऐकलं ते लिहिलं.

झालं. पेन्शन गेली ती गेलीच, वर सरकारी कागदच म्हणतो म्हटल्यावर सासूला, यमुनाबाईला, दुसरा पुरावा नको होता. तुळसा पांढऱ्या पायाची ठरली. वाडीत तिला कोणी बोलवेना, आणि भिकाजी निजतो त्या पडवीत पाऊल टाकायची तिला बंदी झाली.

"मी सांगतो काय करायचं ता," गंगाराम पुढे सरसावला. शिमग्याला म्हणून मुंबईहून आलेला, गिरणीतली रजा संपली तरी थांबलेला. "लाथबीथ काय झालंच नाय, असं सांगायचं. मुन्शीनं खोटं लिहिलंन. विषय मिटला."

"खोटं कशाला?" यमुनाबाई कडाडली. "मारलीन तिनं लाथ! माज्या डोळ्यांनी बघितलंय. माजा वाघासारखा पोर हिच्या पायानं आडवा झाला."

"आये, तुला भाऊच्या बाजूनं बोलायचं हाय की सरकारच्या?"

"मी देवाच्या बाजूनं बोलतंय, मेल्या!"

"मी खोटं बोलणार नाय," खांबापाशी भिकाजी गुरगुरला. "पलटणीत कधी खोटं बोललो नाय, आज काय म्हणून बोलू? पाय लावला व्हता. विचारलंन तर व्हय म्हणणार."

आगाशे वकिलांनी कपाळाला हात लावला. त्यांचा सल्ला असा की लाथेचा विषय आपण होऊन काढायचा नाही, त्यांनी काढलाच तर 'आठवत नाही' म्हणायचं, आणि तुळसाबाईंना तर बंगल्याच्या आवारातही न्यायचं नाही.

"मी येणार," तुळसा म्हणाली.

"तू कशाला?" यमुनाबाई वळली. "आणखी कुणाची पाठ राहिलीय?"

"माज्यावर लिहिलेला कागद हाय तो, आत्याबाई. नऊ वर्षांत मना कुणी एका शब्दानं विचारलंन नाय. आज निदान दाराशी उभी राहून ऐकेन."

कोणी तरी तिची बाजू घेईल म्हणून तिने गंगारामकडे पाहिलं. गंगाराम मुंबईहून बायकोच्या बाजूने चांगली लांबलचक पत्रं धाडायचा, पण आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आत्ताही तो लवूच्या जाळ्यांकडे बघू लागला.

"येऊ दे तिला," मथुरा हळूच म्हणाली.

सगळेच चमकले. थोरली जाऊ या विषयावर कधी हूं की चूं करत नसे. यमुनाबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. नऊ वर्षं मथुरेने एक गोष्ट दाबून ठेवली होती. ती काय होती, हे फक्त तिला माहीत होतं आणि तुळसेला. तुळसेने आजवर ते कोणाला सांगितलं नव्हतं, त्याचीच मथुरेला जास्त लाज वाटत होती.

---

बंगल्याच्या आवारात सुरूच्या झाडांखाली पन्नासएक माणसं जमली होती. कोणाला हात नाही, कोणाला डोळा नाही, कोणी कुबडीवर. भालदार व्हरांड्यात येऊन नाव पुकारी, माणूस आत जाई आणि तंबाखू मळून होईपर्यंत बाहेर येई. गंगाराम मोजत होता. नऊ गेले, त्यात एकच हसत आला.

"नाईक भिकाजी रहाटे!"

आत फक्त अर्जदार आणि वकील जायचे होते. पण भालदाराने हात आडवा घातला तेव्हा यमुनाबाई त्याच्या हाताखालून केव्हाच पलीकडे गेली होती. तिच्यामागे मथुरा, मथुरेमागे गंगाराम. तुळसा तेवढी दाराशी थांबली, कबूल केल्याप्रमाणे.

टेबलामागे मधोमध कर्नलसाहेब, स्वतः डॉक्टर, लालबुंद चेहरा, खुर्चीत किंचित वाकडे बसलेले. एका बाजूला हेडक्लार्क. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या मिशांचे, छातीवर पदकं लावलेले सुभेदारसाहेब, साताऱ्याकडचे. साहेबांचं बोलणं तेच मराठीत सांगत होते.

भिकाजीने खाडकन सलाम ठोकला. त्या सलामाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात खाली आला नाही तोवर त्याने पापणीही हलवली नाही. सुभेदारांची मिशी जरा हलली.

आगाशे वकिलांनी मोठ्या झोकात सुरुवात केली. पाच मिनिटं इंग्रजी नुसतं वाहत होतं. साहेबांनी मध्येच बोट वर केलं, जुना कागद पुढे ओढला आणि सुभेदारांना काहीतरी म्हणाले.

"साहेब इचारत्यात," सुभेदार म्हणाले, "घरी बाईमाणसानं लाथ मारली, ह्ये खरं का खोटं?"

"खोटं, साहेब!" गंगाराम ओरडला.

"खरं, साहेब!" भिकाजी त्याच क्षणी गर्जला.

हेडक्लार्कचा टाक थांबला. वकिलांनी डोळे मिटून घेतले. दोघे भाऊ एकमेकांकडे असे बघत राहिले, जणू जन्मात पहिल्यांदाच भेटताहेत. साहेबांनी खांदे उडवले आणि फाईल मिटायला हात घातला, आणि गंगारामला कळून चुकलं की संपलं, आपल्या तोंडाने आपण भावाचं अपील बुडवलं.

"लाथ नव्हे! पाय!"

आवाज दारातून आला होता. भालदाराने तुळसेचा रस्ता अडवला होता आणि ती त्याच्या खांद्यावरून बोलत होती. "लाथ आणि पाय लावणं एक नव्हे, साहेब! मी पायाळू हाय!"

"पायाळू?" सुभेदार खुर्चीत सरळ झाले. "आरं तिच्या! मग आधीच सांगायचं न्हाई व्हय? सोड रं तिला. ये बाई, पुढं ये. उसण काढाय पाय लावलावता?"

"व्हय जी."

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. आमच्या आजीचा पाय साऱ्या गावाला लागायचा, असं म्हणत त्यांनी साहेबांना समजावायला घेतलं. साहेबांच्या भुवया वर वर चढत गेल्या. पायाने? आजारी माणसाला? आणि बरं व्हायला? शेवटी त्यांनी पाइप खाली ठेवला आणि एकच शब्द म्हटला.

"साहेब म्हंत्यात, दाखीव."

तुळसेने भिकाजीकडे पाहिलं. थोरला दीर. पहिल्यांदा पाय लावला तेव्हा तो पाठ करून होता, खोलीत फक्त बायका होत्या, तरी ती लाजेने अर्धी झाली होती. आता इथे एवढे पुरुष.

"खबरदार!" यमुनाबाई लेकापुढे हात पसरून उभी राहिली. "परत त्याच्या पाठीला पाय लावलास तर!"

साहेबांनी ती भांडणाची भाषा न समजता समजून घेतली. ते टेबलाची कड धरून कण्हतच उठले. सुभेदार गालातल्या गालात हसले. "साहेबांची मंगळवारी घोड्यावरनं उतरताना कंबर धरलीया. म्हंत्यात, माझ्याच पाठीवर मार. जोरानं मार. काय मारलंवतंस त्ये मला कळू दे."

आणि कर्नलसाहेब खरोखरच टेबलावर दोन्ही हात टेकून, पाठ करून वाकून उभे राहिले! हेडक्लार्क घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागला. यमुनाबाईचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले.

तुळसा पुढे झाली. आधी वाकून तिने साहेबांच्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला, कारण पाय लावण्याआधी माफी मागायची असते. मग लुगड्याचा काठ सावरला, भिंतीचा आधार घेतला आणि डाव्या पायाचा अंगठा साहेबांच्या कोटावर कंबरेपासून वरपर्यंत अलगद तीनदा फिरवला. पुन्हा बुटांना नमस्कार केला आणि मागे सरली.

साहेब वाकूनच होते. दात आवळून वाट बघत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी खालूनच काहीतरी विचारलं.

"म्हंत्यात, कवा मारणार?" सुभेदारांना आता हसू आवरेना. "साहेब, झालं! झालंसुदिक!"

साहेब वळले. त्यांनी तुळसेच्या पायाकडे पाहिलं, मग आपल्या कोटाकडे, मग कागदावरच्या त्या ओळीकडे, आणि एकदम असे खो खो हसले की बाहेर सुरूखालची माणसं उठून उभी राहिली.

तुळसा मात्र हसली नाही. तिचा सगळा जन्म त्या ओळीत अडकला होता. "साहेबांना एक विचारा, सुभेदारसाहेब. पाठ दुखत नसती तर मना पाय लावायला बोलावलंन असतं कशाला? आधी दुखली म्हणून पाय लावला ना? एवढं एकच मी नऊ वर्षं म्हणतंय. मनातल्या मनात."

सुभेदारांनी ते साहेबांना सांगितलं. साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि टाक स्वतःच्या हातात घेतला.

"साहेब इचारत्यात, बोलावलं कुणी तुला?"

तुळसेची नजर जमिनीवर गेली. गंगाराम तिच्याकडे बघत राहिला. हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"मी," मथुरा म्हणाली.

तोंडातून शब्द बाहेर पडला आणि तिचा तिलाच धक्का बसला. पण आता मागे फिरणं नव्हतं. "मी बोलावलं हिला. ही नाय म्हणत व्हती. थोरले दीर, त्यांना पाय कसा लावू, म्हणाली. तीन वेळा नाय म्हणाली. मी हिच्या पाया पडली, तेव्हा लावलान. आणि मग आत्याबाई हिला बोलायला लागल्या तेव्हा मी तोंड मिटून बसली. नऊ वर्षं बसली. मला वाटलं, नायतर माज्यावर येईल."

"मथुरे!" यमुनाबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

"बोलू द्या, आत्याबाई. साहेब, हे बोटीतून उतरून घरी आले ना, तेव्हाच ह्यांना वाकता येत नव्हतं. पायांतले बूट काढता येईनात. मी कोयतीनं नाड्या कापल्या. ते बूट परत घातले नाय, अजून तसेच पडून हायत घरात. त्यानंतर दोन दिवसांनी हिनं पाय लावला. आधी नाड्या, मग पाय. तुमी लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मग ते उठले, भिकाजीचा सदरा वर केला आणि त्याच्या कण्यावरून एकेक मणका दाबत खाली आले. मधेच बोटं थांबली. तिथे एक मणका आत बसला होता. एवढा की मथुरेलाही लांबून दिसला. साहेब आता हसत नव्हते.

"साहेब म्हंत्यात, ह्ये अंगठ्यानं हुईत न्हाई. उसणीनंबी न्हाई. अंगावर काय पडलंवतं, नाईक? खरं सांग. उसण म्हणून कुणी लिवलं?"

वाडीत भिकाजी सांगायचा, तुर्कांच्या तोफेचा गोळा शेजारी फुटला. डॉक्टरांना सांगितलेलं वेगळं. आई, बायको, भाऊ, भावजय, सगळी तोंडाकडे बघत होती.

"खेचर," तो म्हणाला.

"काय?"

"खेचर पडलं, साहेब. बसऱ्याच्या वर, नदीत. पडाव-होडीतून दारूगोळ्याच्या पेट्या उतरवत व्हतो. फळीवरून खेचर घसरलं, पेट्यांसकट, थेट माज्या पाठीवर. सगळी पलटण हसली. मी नाईक. खेचराखाली सापडलो असं लिहून घेऊ? डॉक्टरांना म्हटलं, काय नाय, उसण भरलीय." त्याचा आवाज फाटला. "मीच सांगितलं उसण. माज्या तोंडानं. आणि ह्या पोरीनं नऊ वर्षं ऐकून घेतलं. तुळसा, मी चुकलो गो. माजी पाठ वाकत नाय, नायतर तुज्यापुढं वाकलो असतो."

तुळसेने पदराने तोंड झाकलं. सुभेदारांनी सगळं साहेबांना सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, कुठला महिना? कुठला धक्का? भिकाजीने सांगितलं. साहेबांनी मान हलवली.

"साहेब त्याच नदीवर व्हते," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. "म्हंत्यात, त्या फळ्यांवरनं किती खेचरं पडली त्याचा हिशेब न्हाई. आता भायेर थांबा."

---

बाहेर थांबणं म्हणजे काय, ते रहाट्यांनाच विचारा! गंगाराम सुरूच्या प्रत्येक झाडाला तीन तीन फेऱ्या घालून आला. मथुरा तुळसेपासून हातभर अंतरावर उभी होती. बोलावं की नाही ते तिला ठरवता येईना. शेवटी तुळसेनेच तिचा हात ओढून घेतला.

"आक्का, हात किती गार पडलाय तुमचा."

"शिव्या घाल गो मला."

"घालीन. भावोजींकडून शिकून घेते दोनचार."

मथुरा रडता रडता फिसकन हसली. गंगारामने ते पाहिलं, आईकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आईसमोरून चालत जाऊन बायकोशेजारी उभा राहिला. "माजंपण चुकलंच," तो म्हणाला. "आये, ऐकलंस ना? माजं चुकलं म्हणतोय मी." यमुनाबाई एकटीच व्हरांड्याच्या कठड्यावर बसली होती.

चार वाजता आगाशे वकील धावतच व्हरांड्यातून उतरले. पन्नाशीच्या माणसाने एवढं धावू नये. पगडी एका कानावर, हातात कागद, तोंडाने नुसतं "झालं! झालं!"

"वाचा! वाचा की!" भिकाजी ओरडला.

"'कण्याची कायम इजा. लढाईच्या नोकरीत, बोटीवरून दारूगोळा उतरवताना झालेली. पूर्वीचा निकाल रद्द. पेन्शन मंजूर!'"

गंगारामने टोपी सुरूच्या झाडावर फेकली ती तिथेच अडकली. कुबडीवाले, हातमोडके, ओळख ना देख, सगळे भिकाजीला "शाबास नाईक!" म्हणत जमले, आणि जो तो पाठ थोपटायला जाई त्याला मथुरा "पाठीला नको! पाठीला नको!" म्हणून अडवत होती. भिकाजी लहान पोरासारखा हुंदके देत ताठ उभा होता.

त्या गलबल्यातून तुळसा वाट काढत वकिलांपाशी आली.

"वकीलसाहेब, त्यात माजं काय लिहिलंय?"

"तुमचं?" आगाशांनी कागद वरखाली पाहिला. "काही नाही."

"लाथ?"

"नाही."

"नातेवाईक स्त्री?"

"नाही हो."

"मागल्या बाजूला बघा ना."

त्यांनी कागद उलटला, उन्हात धरला, पुन्हा उलटला. "बाई, तुम्ही यात कुठेच नाही."

तुळसा मटकन खाली मातीत बसली आणि मोठ्याने रडायला लागली. नऊ वर्षांत ती अशी कोणासमोर रडली नव्हती. यमुनाबाई कठड्यावरून उठली. म्हातारी हळूहळू आली आणि तिने वकिलांच्या हातातून कागद ओढून घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, आणि कागद तर इंग्रजीत होता. तरी तिने तो डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट फिरवत, अगदी सावकाश बघितला. मग ती तुळसेशेजारी मातीत बसली.

"नाय गो," ती म्हणाली. "तुजं नाव कुठंच नाय."